दुसऱ्यांच्या शंका टाइप करताना

संपादकांचा फोन आला, "वैद्यकीय क्षेत्रातले तुमचे अनुभव लिहा." मी म्हटलं, साहेब, मी वैद्यकीय क्षेत्रातली नव्हे, टायपिस्ट आहे. पनवेलच्या एका सोनोग्राफी सेंटरमध्ये डॉक्टर बोलायचे आणि मी टाइप करायचे. ते म्हणाले, "मग तेच लिहा." तर तेच लिहिते. नोकरीभर मी एकच काम केलं. दुसऱ्यांच्या शंका टाइप केल्या.

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील मिठागरावर कामाला. मी बी.ए.ला इंग्रजी घेतलं तेव्हा गावात एकाने टोमणा मारला, "पोरगी काय मिठाला इंग्रजी शिकवनार हाय?" वडील म्हणाले, "मिठाला नाय, मुनीमाला शिकवंल." दुसऱ्या वर्गात पास झाले. तो कागद आजही खांदा कॉलनीतल्या आमच्या घरात समोरच्या भिंतीवर आहे. पाहुणे देवाला आधी बघतात की त्याला, हे मी गुपचूप बघत असते.

आता काम सांगते. खोलीत अंधार असतो. पेशंट आडवा, त्याच्या पोटावर थंडगार जेल, त्यावरून डॉक्टर ते साबणाच्या वडीएवढं यंत्र फिरवतात आणि मॉनिटरकडे बघत एकसुरी इंग्रजीत बोलत जातात. पडद्यापलीकडच्या टेबलावर मी. यकृत, पित्ताशय, मूत्रपिंड, शाळेत हजेरी घेतात तसे अवयव ओळीने येतात आणि बहुतेक सगळे ‘नॉर्मल’ म्हणून खाली बसतात. नॉर्मल हा शब्द माझी बोटं झोपेतही टाइप करतील. पण मधेच डॉक्टर थांबायचे. यंत्र मागे न्यायचे, परत तिथेच आणायचे. त्या थांबण्यानंतर जो शब्द यायचा, त्यासाठी खरं तर मला पगार होता.

पहिल्याच महिन्यातली गोष्ट. डॉक्टर म्हणाले ‘सस्पिशस’ आणि मी टाइप केलं ‘डाउटफुल’. मला वाटलं, दोन्ही शंकाच की. सहीला कागद गेला तेव्हा त्यांनी मला आत बोलावलं.

"सुनंदाबाई, तुमची कोंबडी हरवली. शेजारणीनेच चोरली असं तुम्हाला वाटतंय. इंग्रजीत काय म्हणाल?"

"आय डाउट शी स्टोल इट."

"सुटली की हो शेजारीण! डाउट म्हणालात म्हणजे तिने चोरली नसावी असं म्हणालात. तुम्हाला म्हणायचं होतं सस्पेक्ट. म्हणजे हिनेच चोरली, फक्त पिसं सापडायची बाकी आहेत."

मी बी.ए. झालेली, मान खाली गेली. पण ते शेवटपर्यंत लक्षात राहिलं. डाउट ‘नाही’कडे कलतो, सस्पिशन ‘आहे’कडे. काटा अगदी मधोमध उभा असेल तर अनसर्टन. ‘रूल आउट करता येत नाही’ असं आलं तर समजायचं, बहुधा नसेल, पण पाठ फिरवून निजू नका. मिसगिव्हिंग म्हणजे आपल्या मनात पाल चुकचुकते ते. त्याला रिपोर्टात जागा नसते, ते डॉक्टरांच्या कपाळावर बघायचं. आणि डिस्ट्रस्ट म्हणजे आमचा रिपोर्ट घेऊन, दुसऱ्या दिवशी वाशीला जाऊन तीच तपासणी पुन्हा करून घेणारे लोक. असे पुष्कळ भेटले. परत येऊन सांगायचेही, "तुमचंच बरोबर निघालं हो," जणू आम्हाला बक्षीस देतायत.

आणि आपल्या पनवेलचा डाउट या सगळ्यांहून वेगळा. माझी भाची क्लासमध्ये हात वर करते, "सर, एक डाउट आहे." म्हणजे तिला नुसता प्रश्न आहे. आपल्याकडे प्रश्न, शंका, संशय, वहीम, सगळ्यांचं भागवायला हा एक डाउट. एकाच पातेल्यात चहाही आणि आमटीही.

शब्दांवरून आठवले ते उर्दू शाळेतले एक निवृत्त मास्तर. पांढरी दाढी, हातात छत्री. यकृतावर काहीतरी दिसलं होतं. रिपोर्ट हातात घेऊन मला म्हणाले, "बेटा, मराठीत काय होतं याचं?" मी म्हटलं, संशय आहे असं लिहिलंय, पुढची तपासणी करा. ते जरा रागावलेच. "संशय म्हणजे शक ना? शक माणसावर करतात, बेटा. शकनं घर तुटतं. आजाराचा अंदेशा असतो, काळजीपोटी येतो तो. तू लोकांना सांगताना अंदेशा म्हणत जा." पुढच्या तपासणीत त्यांचं काही निघालं नाही. पेढे घेऊन आले आणि अंदेशा लक्षात आहे का म्हणून माझी तोंडी परीक्षा घेऊन गेले.

खरं म्हणजे लोकांना अर्थ सांगायची मला परवानगीच नव्हती. सेंटरचा नियम होता, रिपोर्ट पाकिटात घालून द्यायचा आणि म्हणायचं, "तुमच्या डॉक्टरांना दाखवा." पण गावांतून येणारे लोक माझं आडनाव ऐकायचे, बोलणं ऐकायचे आणि काउंटरवर कोपर टेकायचे. "ताय, तुमी आमच्यातल्याच. काय लिवलंय ते सांगा ना." मी नियम पाळायचेही आणि मोडायचेही. माणूस बघून ठरवायचे.

आता जिच्यासाठी हे लिहायला बसले तिच्याकडे येते. नावं बदलली आहेत, बाकी काही बदललेलं नाही.

चांगुणा आणि मी गावच्या शाळेत चौथीपर्यंत एका बाकावर. पुढे ती भातलावणीला गेली आणि मी पाचवीत. गळा असा की आमच्याकडच्या लग्नांत हळदीला धवले गायला, म्हणजे आमची लग्नाची गाणी म्हणायला, आजूबाजूच्या चार गावांतून तिला बोलावणं यायचं. नवरा बाळारामशेठ. दोन ट्रेलर न्हावा शेवा बंदराला चालायचे, माणूस बोलायला मोठा आणि मनाने मऊ. एक मुलगा, त्याच्यामागे एक मुलगी.

ती सेंटरमध्ये आली तेव्हा मला बघून सगळ्या वेटिंग रूमला ऐकू जाईल असं बोलली, "ही बगा आमची बॅरिस्टर! काय गो सुनंदा, काचंच्या मागं बसून सुकलीस नुसती."

"तू कशाला आलीस इकडे?"

"गाठ आली हाय छातीत. दुखत नाय, काय नाय. यांनीच धरून आनली." तिने नवऱ्याकडे बोट केलं. "पोराची हलद हाय, मना पाटावर बसायचंय, आन यांना दवाखाना सुचतोय."

मी पडद्यापलीकडे बसले. डॉक्टरांनी यंत्र लावलं. थोड्याच वेळात ते थांबले, मागे गेले, परत तिथेच आले. पडद्याच्या पलीकडून चांगुणा म्हणाली, "डॉक्टर, गुदगुल्या होतात." मग डॉक्टरांनी तो शब्द उच्चारला. सस्पिशस. त्याच्यापुढे ‘हायली’ होतं. मी दोन्ही शब्द टाइप केले. कडा वेड्यावाकड्या, काखेतही गाठ, ताबडतोब बायोप्सी. बायोप्सी म्हणजे सुईने गाठीचा कण काढून तपासतात.

ती कपडे नीट करत होती तेव्हा डॉक्टर मला हळूच म्हणाले, "मिस्टरांना आत पाठवा."

बाईची गाठ, पण सांगायचं मिस्टरांना. ही पद्धत कोणी घालून दिली ठाऊक नाही. चांगले, शिकलेले, प्रेमळ डॉक्टरही हेच करायचे. पेशंट घाबरेल म्हणून. वर्षानुवर्षं मी बायकांना बाकावर बसवून त्यांच्या नवऱ्यांना, दिरांना, मुलांना आत पाठवत आले. चांगुणालाही बसवलं. ती शेजारच्या गरोदर मुलीला सांगत होती, ओवा खा म्हणून.

बाळारामशेठ बाहेर आले ते सरळ काउंटरवर. आवाज एकदम बारीक. "ताय, डॉक्टर सस्पिशस बोलला. म्हंजे डाउटच ना? खात्री नाय ना?"

मी माणूस बघितला आणि नियम मोडला. म्हटलं, "बाळारामशेठ, हा डाउट नव्हे. डाउट म्हणजे नसेल बहुतेक. डॉक्टर म्हणतायत, असेल बहुतेक. सुई टाकून नक्की करायचं तेवढं बाकी आहे. याच आठवड्यात न्या तिला."

त्यांना कळलं. हे मी मुद्दाम लिहिते. शब्द न समजल्यामुळे चांगुणा गेली असं मी लिहिलं तर गोष्ट सोपी होईल, आणि माझ्या इंग्रजीची शान वाढेल. पण ते खोटं होईल. शब्द त्यांना पुरता कळला होता. त्यांनी दोन्ही हातांनी काउंटरची कड धरली.

"ताय, परवा मुहूर्तमेढ रोवली."

मलाही कळलं. मी त्याच मातीतली. आमच्या त्या गावांत दारात मांडवाची पहिली मेढ रोवली की घर लग्नाचं होतं. त्यानंतर घरातलं माणूस मयताला जात नाही, सुतकाचं नाव काढत नाही, दवाखान्याची पायरी चढत नाही. चुकून आजाराचं बोललं तर म्हातारी माणसं तोंडावर हात ठेवतात. आज इथे आले होते तेही घरी न सांगता, साड्या घ्यायला बाजारात जातो म्हणून.

"तिला नका सांगू," ते म्हणाले. "आईचं तोंड उतरलं तर पोराच्या अंगाला हलद कोन लावंल? लगीन झालं की त्याच दिसाला नेतो. तुमची शप्पत."

हळदीला मी गेले. मांडव एवढा की दोन ट्रेलर आत उभे राहिले असते. डीजे होता, पण चांगुणाने तो बंद करायला लावला. "आधी आमचं, मग तुमचं ते धडधड." पाटावर मुलगा, आणि ती त्याच्या गालाला हळद लावत धवला गातेय. नव्या पोरी मोबाइल वर धरून उभ्या. मी तिच्या गळ्याकडे बघायचं ठरवून आले होते. नजर पदराखाली जात होती.

गाणं झाल्यावर तिने माझा हात धरून मांडवामागे नेलं, जिथे बायका पातेली घासत होत्या. त्यांना म्हणाली, "तुमी जेवाला जा गो." मग माझ्याकडे वळली.

"त्या दिसाला डॉक्टर काय बोलला? हे बोलतात दुधाची गाठ हाय."

"चांगुणा..."

"बाकावर एकत्र बसलोय आपन. खोटं बोलशील तर मना दिसतं."

मी सांगितलं. जे टाइप केलं होतं तेच, आमच्या बोलीत. काय असावं, आणि सुई टाकायला उशीर का नको. ती ऐकत होती आणि हळदीने माखलेली बोटं एकमेकांवर घासत होती.

"मना वाटलंच होतं," ती म्हणाली. "मिनीटभर गप बसला ना डॉक्टर, तवाच."

"उद्याच चल. मी येते बरोबर."

"येडी हायस? मेढ काढू दे आधी दारातली." आणि मग माझं मनगट घट्ट धरून म्हणाली, "यांना बोलू नको मना माहीत हाय म्हनून. ते माज्यासाठी गप हायत. त्यांना वाटतंय, मी सुखात हाय. तेवढं राहू दे."

मी तेव्हा भांडले तिच्याशी. पातेल्यांच्या ढिगामागे उभी राहून, दबक्या आवाजात. मूर्ख म्हटलं, अडाणी म्हटलं. ती हसली. "बॅरिस्टर," म्हणाली, आणि माझ्या नाकाला हळद लावून मांडवात गेली.

लग्न झालं. दुसऱ्या दिवशी बाळारामशेठांना फोन केला. म्हणाले, जोडं कुळदेवीला नेऊन आणतो, मग लगेच. देवी झाली. मग नव्या सुनेचे पहिले गौरी-गणपती आले. आनंदाच्या घरात तोंड कसं उतरवायचं? गणपती झाल्यावर कळलं, सुनेला दिवस गेलेत. आता तर बघायलाच नको. गर्भारणीच्या घरात तसलं नाव काढत नाहीत. मग तिचं डोहाळजेवण. मी फोन करत राहिले. चांगुणालाही आणि त्यांनाही, दोघांना वेगवेगळे. ती म्हणायची, "यांना कळंल." ते म्हणायचे, "तिला कळंल." दुःखाच्या घरातून माणूस दवाखान्यात सहज जातं. यांच्या घरात एकामागून एक शुभकार्यं चालली होती, आणि शुभकार्याला कोणी थांबवत नाही.

डोहाळजेवणानंतर चांगुणाचा हात सुजला तेव्हा आणली. वजन उतरलेलं, तरी वेटिंग रूममध्ये आल्या आल्या बोललीच, "काय गो, आजून सुकलेलीच!" पण आवाज शेजारच्या खुर्चीपलीकडे गेला नाही.

त्या दिवशी डॉक्टर कुठेच थांबले नाहीत. सरळ बोलत गेले. यकृतावर आले, तिथेही गाठी, आणि तिथेही सरळ बोलले. मी टाइप करत होते आणि ओळीगणिक वाट बघत होते, की सस्पिशस म्हणतील, अनसर्टन म्हणतील, निदान रूल आउट करता येत नाही म्हणतील. त्या रिपोर्टात शंकेचा एकही शब्द आला नाही. माझ्या सगळ्या नोकरीत इतका शंका नसलेला कागद मी दुसरा टाइप केला नाही. शंका म्हणजे दार किलकिलं असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

बायोप्सी झाली, मुंबईला मोठ्या दवाखान्यात नेली, इंजेक्शनं झाली. नातू झाला तो तिने मांडीवर घेतला. बारशाला गायली म्हणे, बसून. पावसाळा संपता संपता गेली.

लोक मला म्हणाले, लवकर आणली असती तर वाचली असती. मी डॉक्टर नाही. काखेत गाठ तेव्हाच होती. वाचली असती याचा मला डाउट आहे, की वाचली असती असं सस्पिशन आहे? इतकी वर्षं दुसऱ्यांच्या शंका तोलल्या, हा काटा मात्र माझ्या हातात थरथरत राहतो. रात्री एकीकडे, सकाळी दुसरीकडे.

मधे काही वर्षं गेली. डॉक्टर थकले, त्यांच्या जागी त्यांची सून आली. मीही सोडायचं ठरवलं होतं, शेवटचे दिवस चालू होते. एका दुपारी काचेपलीकडे बाळारामशेठ उभे. केस सगळे पांढरे. सोबत त्यांची मुलगी, आणि तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे.

मी खुर्चीतून उठलेच. "शेठ, हळद लागलीय हिला?"

"आज सकाली लागली. संध्याकाली वऱ्हाड यायचंय जेवाला."

"आणि इकडे आणलीत?"

"गाठीवानी काय लागतंय बोलली वहिनीला. वहिनी मना बोलली. आमच्या म्हाताऱ्या चुलतीनं दारात आडवं हात केलं, मांडवातून दवाखान्यात नेतोस म्हनून. मी बोललो, बाजूला हो. पयला तपास, मंग मांडव."

नवीन डॉक्टरांना मी सांगितलं, आधी हिला घ्या. मी पडद्यापलीकडे बसले. त्या मुलीच्या हळदीचा वास सगळ्या खोलीत भरला होता, जेलच्या वासावर. डॉक्टर थांबल्या. यंत्र मागे नेलं, परत आणलं. माझी बोटं बटणांवर तशीच. मग त्या म्हणाल्या, साधी गाठ आहे, या वयात असते, संशय घेण्यासारखं काही नाही. आणि पडदा बाजूला करून हे त्यांनी त्या मुलीलाच सांगितलं, तिच्याकडे बघून. बापाला आत बोलावलं नाही.

मुलगी बाहेर येऊन हसत हसत बापाला सांगत होती. मी रिपोर्ट पाकिटात घातला. बाळारामशेठ काउंटरवर आले, तसेच कोपर टेकून.

"काय नाय ना?"

"काही नाही. संशय नाही, डाउट नाही. सहा महिन्यांनी एकदा दाखवा, बस."

ते जाईनात. मुलगी पाण्याच्या कूलरपाशी गेली होती.

"ताय, माजा एक डाउट हाय," ते म्हणाले. "लई दिसांचा. इचारायला धीर नाय झाला. तिला माहीत होतं?"

मनगटावर तिची पकड जाणवली मला. तेवढं राहू दे, म्हणाली होती. पण ज्याच्यासाठी राहू द्यायचं तोच समोर उभा राहून विचारत होता, आणि ते जपायला सांगणारी आता नव्हती.

"होतं," मी म्हटलं.

"कदीपासून?"

"हळदीच्या दिवसापासून. तुम्हाला कळू नये म्हणून गप्प होती. तुम्ही सुखात असावं म्हणून."

त्यांनी मान हलवली. हळूहळू, जसं कोणी जुना हिशोब नव्हे, जुना रस्ता आठवून बघतं. "मी बी तेच करत होतो," म्हणाले. "एकाच खाटंवर, ताय. तिकडं ती जागी, इकडं मी जागा." पुढे काही बोलायला तोंड उघडलं, पण मुलगी आली. त्यांनी पाकीट घेतलं, प्रसादासारखं कपाळाला लावलं आणि तिला म्हणाले, "चल गो, मांडवात लोकं खोलंबली असतील." दारापाशी मुलीने वळून मला सांगितलं, "मावशी, जेवायला यायचं हां. आईचे धवले म्हणणार आहेत बायका." मी येते म्हटलं, आणि गेले.

काउंटरच्या काचेवर तिच्या बोटांचे पिवळे ठसे राहिले होते. मी सोडून जाईपर्यंत ते पुसू दिले नाहीत असं लिहिलं तर छान दिसेल. पण मी आयुष्यभर समोरचं बोललं तेवढंच टाइप करत आले. ठसे मीच पुसले, सेंटर बंद करताना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच काचेवर कोपर टेकून कोणीतरी विचारणार होतं, ताय, काय लिवलंय सांगा ना.